गेस्टच्या मेमरीला हात लावताना

गेल्या उन्हाळ्यात तीन मुलं माझ्याकडे येऊ लागली. तिघांनाही स्वतःचा हायपरवायझर, म्हणजे एका कॉम्प्युटरात दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम, लिहून बघायचा होता. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका यंत्रमागाच्या शेडवर माडी आहे, तिथे आम्ही पहाटे साडेपाचला बसायचो. आठनंतर ऊन पत्र्यावर चढतं आणि खाली माग सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

आठवड्याभरात त्यांचा गेस्ट, म्हणजे आत चालणारा आभासी कॉम्प्युटर, चालू झाला. सिरियल पोर्टवर पहिली अक्षरं उमटली त्या दिवशी माडीवर दोनदा चहा झाला. मग त्यांनी व्हर्च्युअल डिस्क जोडायला घेतली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या प्रोग्रामला गेस्टच्या मेमरीत हात घालावा लागला. तिथून पुढे काय काय चुकलं आणि ते कसं सावरलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुम्हाला सी किंवा रस्ट बऱ्यापैकी येतं आणि तुमच्याकडे लिनक्सचा लॅपटॉप आहे, एवढं धरून चाललो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. गेस्टची मेमरी तुमच्याच प्रोसेसमध्ये असते, तुमच्याच पॉइंटरने दिसते, म्हणून ती आपली वाटते. ती आपली नाही. तुम्ही एखादा आकडा वाचत असता त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर गेस्ट तो आकडा बदलत असू शकतो, आणि मुद्दाम बदलत असू शकतो.

आधी मशीन तपासा

प्रोसेसरच्या माहितीत इंटेलवर व्हीएमएक्स किंवा एएमडीवर एसव्हीएम हा फ्लॅग दिसला पाहिजे. दिसत नसेल तर बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असण्याची शक्यता जास्त. केव्हीएम म्हणजे लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय. डेव्ह फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल हवी आणि तुमचा युझर केव्हीएम ग्रुपमध्ये हवा. केव्हीएम २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत कर्नलमध्ये आलं, त्यामुळे आजच्या कुठल्याही वितरणात ते असतंच. लॅपटॉपची रॅम ८ जीबी असली तरी पुरे. गेस्टला ५१२ एमबी द्या.

कुठला ॲड्रेस कोणाचा

नवखा माणूस पहिला गोंधळतो तो इथे, म्हणून इथे घाई करू नका. ॲड्रेस चार प्रकारचे असतात. गेस्टमधला प्रोग्राम वापरतो तो गेस्ट व्हर्च्युअल. गेस्टचा कर्नल आपल्या पेज टेबलमधून त्याचा गेस्ट फिजिकल करतो. गेस्टला वाटतं हीच खरी रॅम. पण प्रोसेसरमध्ये पेज टेबलांचा आणखी एक थर असतो, इंटेल त्याला ईपीटी म्हणतं आणि एएमडी एनपीटी. तो गेस्ट फिजिकलचा होस्ट फिजिकल करतो. होस्ट म्हणजे तुमचं खरं मशीन. चौथा होस्ट व्हर्च्युअल, म्हणजे तुमच्या प्रोग्राममधला साधा पॉइंटर.

दोन्ही थर चार-चार पातळ्यांचे असले तर एका टीएलबी मिससाठी, म्हणजे ॲड्रेसचं भाषांतर प्रोसेसरच्या कॅशमध्ये सापडलं नाही तर, वाईटात वाईट २४ वेळा मेमरी वाचावी लागते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे वेगाचं बोलताना लागेल.

तुम्हाला स्वतःला मात्र एकच भाषांतर करायचं असतं: गेस्ट फिजिकल घ्या आणि त्यावरून होस्ट व्हर्च्युअल काढा. व्हर्टिओ म्हणजे आभासी डिव्हाइसांसाठीचं प्रमाण. व्हर्च्युअल आयओएमएमयू (डिव्हाइसांसाठीचं वेगळं ॲड्रेस-भाषांतर) जोडलेला नसेल तोवर गेस्टमधले व्हर्टिओचे ड्रायव्हर गेस्ट फिजिकल ॲड्रेसच पाठवतात. गेस्टची पेज टेबलं तुम्ही चालत बसायची गरज नाही. आमच्यातल्या एकाने दोन दिवस तेच लिहिण्यात घालवले होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

मेमरी मागून घ्या आणि केव्हीएमला दाखवा

मेमरी एममॅपने घ्या, मॅलॉकने नको. केव्हीएमला पेजच्या म्हणजे ४०९६ बाइटच्या सीमेवर सुरू होणारी जागा लागते. शिवाय एममॅपची कोरी जागा पहिल्यांदा हात लागेपर्यंत खरी रॅम खात नाही. त्यामुळे गेस्टला ५१२ एमबी दिले तरी तो ८० एमबी वापरेपर्यंत तुमच्या लॅपटॉपचेही साधारण तेवढेच जातात.

मग सेट युझर मेमरी रीजन हा आयओसीटीएल, म्हणजे कर्नलला द्यायची आज्ञा. त्यात पाच गोष्टी भरायच्या: स्लॉटचा क्रमांक, फ्लॅग, गेस्टच्या बाजूचा ॲड्रेस, आकार आणि तुमच्या बाजूचा पॉइंटर. व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, जिवंत आहे तोवर ही मेमरी सोडायची नाही. रस्टमध्ये लिहीत असाल तर मेमरीचा मालक आणि व्हीएमचा मालक एकाच स्ट्रक्टमध्ये ठेवा आणि आधी व्हीएम मिटेल, मग मेमरी, असा फील्डचा क्रम लावा. रस्ट फील्ड ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने सोडतं.

एक्स८६ वर सगळी रॅम सलग देता येत नाही. ४ जीबीच्या खालचा काही पट्टा पीसीआय आणि एपिकसारख्या डिव्हाइसांसाठी मोकळा ठेवावा लागतो. समजा तुम्ही ३ ते ४ जीबी हा पट्टा सोडला आणि गेस्टला ६ जीबी द्यायचे आहेत. मग ० ते ३ जीबी हा एक रीजन आणि ४ ते ७ जीबी हा दुसरा. गेस्टच्या हिशेबात मध्ये खड्डा आहे, तुमच्या हिशेबात दोन वेगळे एममॅप आहेत, आणि त्यांचे पॉइंटर एकमेकांच्या आसपासही नसतील.

मेमरी घेतानाच आणखी एक करून ठेवा. गेस्टच्या ॲड्रेसचं आणि तुमच्या पॉइंटरचं २ एमबीच्या सीमेपासूनचं अंतर सारखं ठेवा. ते सारखं नसेल तर होस्टने मोठी पेजेस दिली तरी ईपीटीत ती २ एमबीची म्हणून बसत नाहीत, ४ केबीचे तुकडे होतात. ५१२ एमबीचे ४ केबीने १,३१,०७२ तुकडे होतात आणि २ एमबीने फक्त २५६. मघाचा २४ चा आकडा इथे टोचतो: मोठं पेज असलं की टीएलबी कमी वेळा चुकतं आणि चुकलं तरी चाल एका पातळीने आखूड होते. एममॅप फक्त ४ केबीची सीमा पाळतो. म्हणून २ एमबी जास्त मागा, सुरुवात पुढे सरकवून सीमेवर आणा, आणि मॅडव्हाइजने मोठ्या पेजची विनंती करा. दहा ओळींचं काम आहे आणि नंतरच्या कुठल्याही हुशारीपेक्षा जास्त वेग देतं.

मेमरी दुसऱ्या प्रोसेसला वाटून द्यायची असेल, उदाहरणार्थ डिस्कचं काम वेगळ्या प्रोसेसला करू द्यायचं असेल, तर मेमएफडी, म्हणजे फक्त मेमरीत राहणारी फाइल, वापरा आणि ती फाइल आखूड करता येऊ नये असं सील लावा. नाहीतर समोरच्याने फाइल आखूड केली की तुमच्या अगदी योग्य पॉइंटरवर सिगबस येतो आणि प्रोग्राम पडतो.

बांध तपासा

शेतकऱ्यांच्या घरात वाढलेल्याला हे समजवावं लागत नाही. शेजारी दरवर्षी नांगर टाकताना वीतभर बांध कोरतो आणि पाच वर्षांनी मोजणी आणली की तुमचं गुंठाभर रान त्याच्याकडे गेलेलं असतं. गेस्टने दिलेल्या प्रत्येक ॲड्रेसची आणि प्रत्येक लांबीची मोजणी दर वेळी करायची.

मुलांनी पहिल्यांदा तपासणी लिहिली ती अशी: ॲड्रेस अधिक लांबी ही रीजनच्या शेवटापेक्षा कमी किंवा त्याएवढी असली की ठीक. वाचायला बरोबर वाटते. आता गेस्टने ॲड्रेस दिला २ चा ६४ वा घात वजा ८, आणि लांबी १६. सी मध्ये आणि रस्टच्या रिलीज बिल्डमध्ये बेरीज गुंडाळली जाते, उत्तर येतं ८, आणि तपासणी हसतमुखाने पास होते. पॉइंटर कुठल्या कुठे गेलेला असतो.

म्हणून बेरीज करायचीच नाही, वजाबाकी करायची, आणि तीही क्रमाने. ॲड्रेस रीजनच्या सुरुवातीपेक्षा लहान नाही ना, ते आधी पाहा. मग अंतर काढा: ॲड्रेस वजा सुरुवात. हे अंतर आकारापेक्षा कमी आहे का? असेल तर लांबी ही आकार वजा अंतर यापेक्षा जास्त नाही ना? या क्रमात कुठलीच पायरी गुंडाळली जाऊ शकत नाही. रस्टमध्ये चेक्ड ॲड आहे आणि ते वापरायला हरकत नाही, पण वजाबाकीची रीत हाताला लागलेली बरी, कारण ती सी मध्येही चालते.

तपासणीत आणखी एक फट असते. वरच्या ६ जीबीच्या गेस्टमध्ये ॲड्रेस ३ जीबीच्या १०० बाइट आधीचा आणि लांबी ४०९६ असेल, तर सुरुवात रीजनमध्ये आहे आणि शेवट खड्ड्यात. नुसती सुरुवात तपासणारा इथे फसतो. दोन रीजन गेस्टच्या बाजूने अगदी चिकटून असले तरी तुमच्या बाजूने ते चिकटलेले असतीलच असं नाही. म्हणून एक तर असा ॲक्सेस नाकारा, नाहीतर रीजनच्या सीमेवर तोडून दोन तुकड्यांत करा. शक्यतो तोडणारं एकच फंक्शन लिहा आणि सगळ्या डिव्हाइसांना त्याच दारातून यायला लावा. प्रत्येक डिव्हाइसने स्वतःची मोजणी लिहिली की एक तरी चुकतेच.

बांध न तपासल्याने काय होतं याचा दाखला २०१५ चा आहे. क्यूएमू या एम्युलेटरमधल्या फ्लॉपी कंट्रोलरच्या नकलेत बफर भरत जाताना मर्यादा पाळली जात नव्हती, आणि गेस्टमधला माणूस त्या बफरच्या पलीकडे होस्टच्या प्रोसेसमध्ये लिहू शकत होता. व्हेनम या नावाने ती चूक ओळखली जाते. फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं, तरी कंट्रोलर मुळातच जोडलेला असायचा.

चुकीचा ॲड्रेस आला तर प्रोग्राम पाडू नका. डिव्हाइसच्या स्टेटसमध्ये रीसेटची गरज आहे असा बिट लावा, व्हर्टिओमध्ये त्याची किंमत ६४ आहे, आणि ती रांग, म्हणजे गेस्ट डिव्हाइससाठी विनंत्या ठेवतो ती यादी, थांबवा. लॉगमध्ये एक ओळ लिहा, पण दर चुकीला एक नको. गेस्ट सेकंदाला लाखभर चुका करू शकतो आणि तुमची डिस्क त्या ओळींनीच भरेल.

एकदाच वाचा, पट्टी फाडा

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या हंगामात पहाटे जाऊन उभे राहा. तोलार काट्यावर वजन घेतो, आकडा पट्टीवर उतरतो, आणि पुढची हमाली, तोलाई, अडत, शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम, सगळं त्या पट्टीवरून चालतं. प्रत्येक हिशेबाला पुन्हा पोतं काट्यावर चढवत नाहीत. समजा चढवत असते, आणि समोरच्याचा हात काट्यावर असता, तर हमाली एका वजनावर आणि पैसे दुसऱ्याच वजनावर निघाले असते.

गेस्टची मेमरी म्हणजे समोरच्याचा हात कायम वर असलेला काटा. व्हर्टिओच्या एका डिस्क्रिप्टरचं, म्हणजे गेस्टचा बफर कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदीचं, उदाहरण घ्या. तो १६ बाइटचा असतो: ८ बाइट ॲड्रेस, ४ बाइट लांबी, २ बाइट फ्लॅग, २ बाइट पुढच्याचा क्रमांक. तुम्ही पॉइंटरमधून लांबी वाचली, ५१२ निघाली, बफर ४०९६ चा आहे, ठीक. मग कॉपी करताना पुन्हा त्याच पॉइंटरमधून लांबी घेतली. मधल्या काही नॅनोसेकंदांत गेस्टच्या दुसऱ्या व्हीसीपीयूने (आभासी कोअरने) तिथे चार अब्ज लिहिले.

ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी मी डिस्कचं डिव्हाइस लिहिलं होतं. तपासणी होती, नीट होती, आणि तपासणीनंतर तीन ओळींनी मी तोच फील्ड पुन्हा वाचला होता. आमच्या सगळ्या चाचण्या पास होत होत्या, कारण चाचणीतला गेस्ट सरळ होता. एका सहकाऱ्याने आकडा सतत उलटसुलट करत राहणारा दुसरा थ्रेड लावला तेव्हा प्रोग्राम लगेच पडला. तो कोड लोकांच्या मशीनवर गेला असता, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नव्हती. तेव्हापासून हा भाग शिकवताना मी कुणाला पुढे जाऊ देत नाही.

तुम्ही ओळीत एकदाच वाचलं तरी कंपायलर दोनदा वाचू शकतो, आणि हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. कंपायलरच्या दृष्टीने साधी मेमरी मध्येच कोणी बदलत नाही, त्यामुळे रजिस्टर कमी पडलं तर किंमत पुन्हा मेमरीतून आणायला त्याला मोकळीक असते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये झेन या हायपरवायझरची १५५ क्रमांकाची सुरक्षा सूचना निघाली ती याच प्रकाराची. गेस्टसोबत वाटून घेतलेल्या मेमरीतल्या किमतीवर स्विच लिहिलेला होता. कंपायलरने त्याचं जंप टेबल केलं: एकदा वाचून मर्यादा तपासली, दुसऱ्यांदा वाचून उडी मारली. सोर्समध्ये चूक शोधूनही दिसली नसती.

म्हणून रीत अशी. डिस्क्रिप्टरचे सोळाच्या सोळा बाइट व्होलाटाइल वाचनाने तुमच्या स्टॅकवर आणा. तपासणी त्या प्रतीवर करा, वापरही तीच प्रत. मूळ पॉइंटर त्या फंक्शनच्या बाहेर जाऊच देऊ नका. लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी रीड वन्स आहे. सी मध्ये तुमचं स्वतःचं एक छोटं फंक्शन करा.

रस्टवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. गेस्टच्या मेमरीवर साधा रेफरन्स किंवा बाइटची साधी स्लाइस काढली की तुम्ही कंपायलरला वचन देता की ही जागा दुसरं कोणी बदलणार नाही. ते वचन तुम्हाला पाळता येत नाही, कारण बदलणारा गेस्ट आहे. हे अनडिफाइंड बिहेवियर आहे, मग ते अनसेफमध्ये कितीही व्यवस्थित गुंडाळा. रस्ट-व्हीएमएम प्रकल्पातली व्हीएम-मेमरी ही लायब्ररी नेमकी यासाठी आहे. तिच्यात गेस्ट ॲड्रेस हा वेगळा प्रकारच आहे, त्यामुळे तो चुकून पॉइंटर म्हणून वापरता येत नाही. मेमरीची खिडकी व्होलाटाइल स्लाइस म्हणून मिळते, आणि रीड ऑब्जेक्टसारख्या फंक्शनने थेट प्रत हातात येते. फायरक्रॅकर आणि क्लाउड हायपरवायझर हे दोन हायपरवायझर ही लायब्ररी वापरतात. पहिल्यांदा स्वतःची लिहा, समजण्यासाठी. कामासाठी हीच घ्या.

प्रत काढताना कुठल्या प्रकारात काढता हेही पाहा. रस्टमधला बूल किंवा इनम गेस्टच्या बाइटवरून थेट भरू नका. ० आणि १ सोडून तिसराच आकडा आला तर तोही अनडिफाइंड. साधे पूर्णांक वाचा आणि अर्थ नंतर लावा. व्हर्टिओ १.० पासून सगळे आकडे लिटल एंडियन आहेत, ते प्रकारातच लिहून ठेवा. उलट दिशेने, गेस्टला स्ट्रक्ट लिहून देताना, फील्डांमधल्या रिकाम्या बाइटांत तुमच्या स्टॅकवरचं काहीतरी राहिलेलं असतं, आणि ते गेस्टला वाचता येतं. पॅडिंग नसलेलं स्ट्रक्ट ठेवा किंवा आधी शून्यांनी भरा.

डिस्क्रिप्टरची साखळी चालतानाही हाच स्वभाव ठेवा. पहिला क्रमांक रांगेच्या आकारापेक्षा लहान हवा, पुढचा प्रत्येकही. चाललेल्या पायऱ्या मोजा आणि रांगेच्या आकाराच्या पुढे गेल्या की थांबा, कारण गेस्ट साखळी गोल जोडू शकतो आणि तुमचा थ्रेड कायमचा फिरत राहील. राइट फ्लॅग नसलेल्या डिस्क्रिप्टरमध्ये लिहू नका. इनडायरेक्ट टेबलची (वेगळ्या जागी ठेवलेल्या डिस्क्रिप्टरांच्या यादीची) लांबी १६ ने भागली गेली पाहिजे.

सगळंच कॉपी करू नका

हे ऐकल्यावर मुलांनी प्रत्येक बाइट कॉपी करायला सुरुवात केली. सुरक्षित झालं, पण १ एमबीचं वाचन आधी त्यांच्या बफरमध्ये आणि मग गेस्टमध्ये, असं दुप्पट काम होऊ लागलं.

जे वाचून तुम्ही काही ठरवता, ते कॉपी करा. जे नुसतं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं आहे, ते जागेवरच राहू द्या. डिस्कच्या विनंतीत १६ बाइटचं हेडर असतं: ४ प्रकार, ४ राखीव, ८ सेक्टर. ते पट्टीवर उतरवा, सेक्टर गुणिले ५१२ गुंडाळलं जात नाही ना आणि डिस्कच्या बाहेर जात नाही ना ते पाहा. पुढचा डेटा मात्र तुम्ही बघणारच नाही. त्याचे तपासलेले पॉइंटर आणि लांब्या आयोव्हेकमध्ये (पॉइंटर आणि लांब्यांच्या यादीत) भरून प्रीडव्ही या फाइल वाचणाऱ्या सिस्टम कॉलला द्या, म्हणजे कर्नल थेट गेस्टच्या मेमरीत आणून टाकतो. त्या वेळी गेस्टने मध्येच तिथे काही लिहिलं तर त्याचाच डेटा खराब होतो, तुमचं काही जात नाही.

नेटवर्कमध्ये ही रेघ थोडी सरकते. समजा तुम्ही गेस्टच्या पॅकेटमधला पाठवणाऱ्याचा मॅक ॲड्रेस तपासून मगच पॅकेट सोडता. हेडरची प्रत काढली, तपासली, आणि पूर्ण पॅकेट गेस्टच्या मेमरीतून पाठवलं, तर तपासलं एक आणि गेलं दुसरं. अशा वेळी आयोव्हेकचा पहिला तुकडा तुमची तपासलेली प्रत असली पाहिजे आणि दुसऱ्या तुकड्यापासून गेस्टची मेमरी. आमच्या तिघांपैकी एकीने हे न सांगता शोधून काढलं. तिच्या घरी चादरींचे माग आहेत. ती म्हणाली, "सर, नमुना पास केला तोच तागा गेला पाहिजे ना."

क्रम

रांग दोन बाजूंनी वापरली जाते म्हणून क्रमही पाळावा लागतो. अव्हेलेबल इंडेक्स, म्हणजे गेस्टने कुठवर विनंत्या टाकल्या तो आकडा, १६ बिटचा ॲटॉमिक म्हणून ॲक्वायरने वाचा, त्यानंतरच रिंगमधल्या नोंदी वाचा. काम झालं की आधी यूज्ड नोंद (हे काम झालं असं गेस्टला सांगणारी) लिहा, मग यूज्ड इंडेक्स रिलीजने. इंटरप्ट पाठवायचा की नाही हे गेस्टच्या फ्लॅगवरून ठरवत असाल तर इंडेक्स लिहिणं आणि फ्लॅग वाचणं यांच्यामध्ये पूर्ण फेन्स हवा. लिहिण्याआधीच नंतरचं वाचन उरकण्याची मुभा एक्स८६ लाही आहे. बाकीच्या चुका एक्स८६ लपवतो आणि आर्मवर त्या बाहेर येतात.

इंडेक्स ६५,५३५ नंतर शून्यावर येतो. मागचा ६५,५३४ आणि नवा ३ असेल तर फरक ५ आहे, त्यामुळे गुंडाळणारी वजाबाकी इथे मुद्दाम वापरायची. फरक रांगेच्या आकारापेक्षा मोठा आला तर गेस्ट खोटं बोलतो आहे.

तुम्ही लिहिलेलं केव्हीएमला दिसत नाही

चालतं व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवायचं किंवा त्याचा स्नॅपशॉट घ्यायचा तर कुठली पेजेस बदलली ते कळायला हवं. केव्हीएमच्या रीजनवर डर्टी लॉगचा फ्लॅग लावला की ते पेजामागे एक बिट असा नकाशा देतं. ५१२ एमबीला १६ केबी. पण त्यात फक्त गेस्टने केलेले बदल असतात. तुमचं डिस्क डिव्हाइस होस्ट पॉइंटरमधून लिहितं, ते ईपीटीतून जात नाही, म्हणून त्याची खूण कुठेच लागत नाही. व्हीएम हललं की डिस्कवरून नुकतंच वाचलेलं पान पलीकडे जुनंच राहतं, आणि असा बिघाड तासाभराने, भलत्याच ठिकाणी दिसतो.

तुमच्या बाजूचा वेगळा नकाशा ठेवा, ॲटॉमिक बिटांचा, आणि लिहिणाऱ्या त्या एका फंक्शनमध्येच खूण लावा. प्रीडव्हीने कर्नलने लिहिलेलं असेल तिथेही, काम पूर्ण झाल्यावर. शेवटी दोन्ही नकाशे ऑर करा. सगळ्यांना एकाच दारातून यायला लावायचं दुसरं कारण हेच.

मोजा आणि त्रास द्या

तपासण्या काढून वेग मिळवायचा मोह होईल. आधी पर्फ हे वेळ मोजणारं साधन लावून पाहा. मोजणीच्या दोन-तीन तुलना म्हणजे मोजक्या सूचना. गेस्टमधून एकदा बाहेर येऊन परत जाणं, म्हणजे व्हीएम एक्झिट, हजार सायकलच्या घरात जातं. वेळ वाचवायचा तर एका एक्झिटमध्ये रांगेतल्या सगळ्या विनंत्या उरका, नको तेव्हा इंटरप्ट पाठवू नका, मोठी पेजेस बसली आहेत ना ते पाहा. रीजन शोधण्यासाठी झाड वगैरे बांधू नका. दोन-चार रीजनला साधी ओळीने शोधाशोध पुरते. जास्त झाले तर क्रमाने लावून बायनरी सर्च.

चाचण्या दोन प्रकारच्या लिहा. पहिली बांधाची: प्रत्येक रीजनची सुरुवात, शेवट, त्यांच्या एक बाइट अलीकडे आणि पलीकडे, लांबी ०, १, पूर्ण आकार, पूर्ण आकार अधिक १, आणि ६४ बिटांच्या टोकाचे ॲड्रेस. प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहा, मग कोड चालवा. लांबी ० आणि ॲड्रेस बरोबर रीजनच्या शेवटी, याचं उत्तर काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण सगळीकडे एकच ठेवा. रीजनच्या दोन्ही टोकांना हात लावता न येणारं एक-एक पेज राखून ठेवलं तर चाचणीत निसटलेला बाइट तिथल्या तिथे पकडला जातो.

दुसरी चाचणी काट्यावर हात ठेवणारी. एक थ्रेड तुमच्या डिव्हाइसला विनंत्या देत राहतो, दुसरा डिस्क्रिप्टरची लांबी ५१२ आणि चार अब्ज यांच्यात, आणि पुढचा क्रमांक योग्य आणि स्वतःकडेच वळणारा यांच्यात, सतत बदलत राहतो. रिलीज बिल्डमध्येच चालवा, कारण कंपायलर दोनदा वाचतो तो ऑप्टिमायझेशन चालू असताना. दोन्ही थ्रेड वेगळ्या कोअरला बांधा, नाहीतर ते आळीपाळीने चालतात आणि काहीच सापडत नाही. रात्रभर चालू द्यायचं असेल तर लॅपटॉप चार्जरला असेल याची खात्री करा. आमची पहिली रात्र वीज गेल्याने वाया गेली. दुसऱ्या रात्री नेटवर्क डिव्हाइस पडलं. इनडायरेक्ट टेबलच्या डिस्क्रिप्टरचा फ्लॅग तिथे दोनदा वाचला जात होता.